भीतीची वंशावळ

गेल्या वर्षीं आमच्या नात्यांतील एका मुलीच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं होतीं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. वागण्यांत कोठें बोट ठेवावयास जागा नाहीं. परंतु चार अनोळखी माणसें समोर आलीं कीं तिच्या हातांस कंप सुटतो, रात्रीं फोन वाजला तर ती दचकून उठून बसते, आणि घरचें कोणी ठरल्या वेळीं परतलें नाहीं म्हणजे तिला अन्न गोड लागत नाहीं. पाहुण्यांच्या नजरेंतून हें सुटलें नाहीं. त्यांच्यापैकीं एक वृद्ध बाई हलकेच म्हणाल्या, "आईचाहि स्वभाव असाच होता म्हणे. खाण तशी माती." आमच्याकडचे एक मामा लागलीच म्हणाले, "तसें नव्हे हो. दोन वर्षांची असतांना आई गेली. पोरीची आबाळ झाली, त्याचा हा परिणाम." तिसरे एक गृहस्थ तडजोडीच्या सुरांत म्हणाले, "बाईमाणूस म्हटलें कीं थोडें भित्रें असायचेंच." इतक्यांत चहा आला व विषय बदलला.

माझ्या मनांतून मात्र तो गेला नाहीं. एका दिवाणखान्यांत, पांच मिनिटांच्या अवधींत, तीन माणसांनीं जीं तीन उत्तरें दिलीं, तींच उत्तरें पाश्चात्य पंडितांनीं सुमारें अडीच हजार वर्षें आलटून पालटून दिलेलीं आहेत. माणसाच्या मनांत विनाकारण धास्ती कां घर करते? रक्तामुळें, बालपणामुळें, कीं स्त्रीपणामुळें? ह्या प्रश्नाचा इतिहास हा केवळ वैद्यकाचा इतिहास नव्हे. दोष कोणाच्या पदरांत टाकावयाचा, ह्याचाहि तो इतिहास आहे. आणि म्हणूनच तो थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

तिसऱ्या गृहस्थांचें उत्तर वयानें सर्वांत वडील. हिपॉक्रेटीसच्या नांवावर असलेल्या ग्रीक वैद्यकग्रंथांत असें प्रतिपादन आहे कीं, स्त्रीचें गर्भाशय कोरडें व हलकें झालें म्हणजे तें शरीरांत भटकूं लागतें, आणि त्यामुळें जीव गुदमरणें, घाबरें होणें, वाचा बसणें इत्यादि लक्षणें उद्भवतात. विवाह व गर्भधारणा हा त्यावरचा उपाय. प्लेटोनेंहि 'टिमीअस' ह्या संवादांत गर्भाशय म्हणजे संततीची आस लागलेला एक प्राणीच होय, असें वर्णन केलें आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत एफेसस येथील सोरेनस नांवाच्या वैद्यानें, गर्भाशय हें कांहीं गुहेंतून बाहेर पडणारें श्वापद नव्हे, असें स्पष्ट बजावलें. परंतु त्यानें कल्पना मेली नाहीं. 'हिस्टेरिया' हा शब्दच मुळीं गर्भाशयवाचक ग्रीक शब्दावरून बनलेला आहे. सतराव्या शतकांत टॉमस विलिस ह्यानें ह्या विकाराचें स्थान गर्भाशयांतून उचलून मेंदूंत नेलें, व टॉमस सिडनहॅम ह्यानें इ. स. १६८२ मध्यें, पुरुषांसहि हाच विकार होतो, मात्र त्यास दुसरें नांव दिलें जातें, असें नमूद केलें. नांवांतला हा भेद पुढें दोन शतकें टिकला, आणि उपचारांतहि उतरला.

अमेरिकेंत सायलस वेअर मिचेल नांवाचे मोठे डॉक्टर होऊन गेले. चिंतेनें व थकव्यानें ग्रासलेल्या स्त्रियांस ते विश्रांतीचा उपचार सांगत : आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहणें, भरपूर दूध पिणें, आप्तांची भेट नाहीं, वाचन नाहीं, लेखन नाहीं. त्याच तक्रारी घेऊन पुरुष आला तर त्यास ते पश्चिमेकडील मोकळ्या प्रदेशांत जाऊन घोड्यावर बसण्याचा, शिकार करण्याचा सल्ला देत. शार्लट पर्किन्स गिल्मन ह्या लेखिकेनें इ. स. १८८७ मध्यें हा विश्रांतीचा उपचार घेतला; त्यानें आपण वेडाच्या कांठावर जाऊन पोंचलों असें तिनें पुढें लिहून ठेविलें, व १८९२ त त्यावर एक कथा प्रसिद्ध केली. ती आजहि वाचली जाते. एकाच दुखण्यावर पुरुषास मैदान व स्त्रीस कोंडवाडा, ही त्या काळची वैद्यकविद्या.

ह्या समजुतीस खरा हादरा बसला तो रणांगणावर. पॅरिस येथील सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्को ह्यांनीं १८८० नंतरच्या दशकांत दणकट कामगारांमध्येंहि हिस्टेरिया दाखवून दिला होता. तथापि समाजानें तें मनावर घेतलें नव्हतें. पहिल्या महायुद्धांत मात्र डोळेझांक करणें अशक्य झालें. धडधाकट तरुण खंदकांतून परत येत ते थरथर कांपत. कोणाची वाचा गेलेली, कोणाचे पाय लुळे पडलेले, कोणाची झोंप उडालेली. फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्ल्स मायर्स ह्यांनीं 'लॅन्सेट' पत्रांत 'शेल-शॉक' ह्या नांवाखालीं अशा रोग्यांची हकीकत छापली. तोफेच्या धक्क्यानें मेंदूस इजा होत असावी, असा आरंभीं तर्क होता. परंतु जे तोफेच्या जवळपासहि नव्हते त्यांनाहि तीच लक्षणें दिसूं लागल्यावर तो टिकेना.

एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयांत ह्या रोग्यांवर उपचार करणारे डॉ. रिव्हर्स हे आपल्याकडे नीलगिरींतील तोडा लोकांवरील ग्रंथाचे कर्ते म्हणून परिचित आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, सैनिकाच्या मनांत भीति व कर्तव्य ह्यांचा झगडा चाललेला असतो, आणि पुरुषानें भीति बोलून दाखवूं नये ही शिकवणच त्यास आंतून पोखरते. साध्या शिपायास बहुधा लुळेपणा वा मुकेपणा येई. अधिकाऱ्यास धास्ती, दुःस्वप्नें व निद्रानाश जडे. म्हणजे भीतीचें रूप स्त्रीपुरुषभेदावरच नव्हे तर हुद्द्यावर व शिक्षणावरहि अवलंबून असल्याचें दिसलें. असें असूनहि पळून जाणें, भेकडपणा इत्यादि आरोपांखालीं ब्रिटिश लष्करानें ज्यांना गोळ्या घालून मारलें, त्यांपैकीं ३०६ जणांना सरकारी क्षमा मिळावयास २००६ साल उजाडावें लागलें. तोंवर त्यांच्या आईबापांपैकीं कोणीहि उरलेलें असणें शक्य नव्हतें.

आतां 'खाण तशी माती' ह्या उत्तराकडे वळूं. आपल्याकडे ती म्हण आहे. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत तिचें शास्त्र झालें. फ्रेंच वैद्य मोरेल ह्यानें १८५७ मध्यें अधःपाताची उपपत्ति मांडली. पहिल्या पिढींत चंचल व अस्वस्थ वृत्ति, पुढें हिस्टेरिया, पुढें वेड, आणि अखेर निर्वंश, असा तिचा क्रम. इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन ह्यांनीं १८७४ मध्यें प्रकृति व संगोपन ही जोडी प्रचारांत आणली, आणि पुढच्याच वर्षीं ह्या दोहोंचा निवाडा करण्यासाठीं जुळ्यांच्या अभ्यासाची युक्ति सुचविली. युक्ति नामी होती, व ती अद्यापि उपयोगांत आहे. परंतु निवाडा होण्याआधींच शिक्षेची अंमलबजावणी सुरू झाली.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांतील कॅरी बक हिची हकीकत ह्या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे. तिची आई मंदबुद्धीच्या लोकांसाठीं असलेल्या संस्थेंत होती. कॅरी लहानपणापासून परक्या घरीं वाढली. सतराव्या वर्षीं तिला दिवस गेले. त्या घरच्याच एका नातलगानें आपल्यावर बलात्कार केला, असें तिनें पुढें सांगितलें. घरच्यांनीं तिला आईच्याच संस्थेंत धाडलें. तिची मुलगी व्हिव्हियन अवघ्या सातआठ महिन्यांची असतां तीहि मंदबुद्धि असल्याचें ठरविण्यांत आलें. आणि एकाच दोषाच्या ह्या तीन पिढ्या झाल्या, एवढ्या पुराव्यावर सर्वोच्च न्यायालयानें १९२७ मध्यें कॅरीस वंध्य करण्यास मान्यता दिली. ती व्हिव्हियन पुढें शाळेंत गेली, एका सत्रांत गुणवंतांच्या यादींत तिचें नांव झळकलें, आणि १९३२ मध्यें वयाच्या आठव्या वर्षीं ती आजारानें वारली. प्रश्न येथें भीतीचा नव्हता, बुद्धीचा होता. पण तर्क तोच. तीन पिढ्यांचें दारिद्र्य व हेळसांड डोळ्यांपुढें असतां न्यायाधीशांना रक्त तेवढें दिसलें.

मामांचें उत्तर, म्हणजे बालपणाची आबाळ, हें शास्त्राच्या दरबारांत सर्वांत उशिरा आलें, आणि तेंहि दार अर्धवट उघडून. एप्रिल १८९६ मध्यें व्हिएन्ना येथें तरुण फ्रॉइड ह्यांनीं व्याख्यान देऊन सांगितलें कीं, आपण १८ रुग्ण तपासले, बारा स्त्रिया व सहा पुरुष. त्या सर्वांच्या विकाराच्या मुळाशीं बालपणीं झालेला लैंगिक अत्याचार आढळला. सभेनें तें थंडपणें ऐकून घेतलें. दुसऱ्या वर्षीं सप्टेंबरांत फ्रॉइड ह्यांनींच एका मित्रास पत्र लिहून ह्या मतावरचा आपला विश्वास उडाल्याचें कळविलें. त्यांचीं कारणें काय होतीं ह्यावर विद्वानांत वाद आहे. परिणाम मात्र असा झाला कीं, मुलावर खरोखर काय गुजरलें ह्यापेक्षां मुलाच्या कल्पनेंत काय होतें, इकडेच पुढील पिढीचें लक्ष लागलें.

तें लक्ष परत वळविलें दुसऱ्या महायुद्धानें. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत इंग्लंडांतील शहरांतून सुमारें १५ लक्ष माणसें, त्यांत बहुतेक मुलें, बाँबच्या भयानें खेड्यापाड्यांत हलविण्यांत आलीं. लंडनमध्यें ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम ह्यांनीं युद्धकाळांत मुलांचीं वसतिगृहें चालविलीं. त्यांना असें आढळलें कीं, आईजवळ राहून बाँब सोसणाऱ्या मुलांपेक्षां आईपासून तुटून सुरक्षित राहणारीं मुलें अधिक ढांसळत. जॉन बोल्बी ह्यांनीं १९५१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या अहवालांत हाच मुद्दा विस्तारानें मांडला. रुग्णालयांनीं व अनाथालयांनीं आपले नियम बदलले, हें त्याचें मोठें सुफळ. परंतु एक कटु फळहि आलें. अडीच हजार वर्षें स्त्रीचें गर्भाशय आरोपी होतें. आतां स्त्रीचें मातृत्व आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहिलें. मूल भित्रें निघालें तर आईचें चुकलें, आणि ती कामावर जात असेल तर विचारावयासच नको. मायकेल रटर ह्यांनीं १९७२ मध्यें ह्या साऱ्या पुराव्याची फेरतपासणी करून, मुलाला माया देणारें माणूस आईच असलें पाहिजे असें नाहीं, व वियोगाहून वाईट अशाहि गोष्टी घरांत असूं शकतात, हें दाखविलें.

तरीहि मुख्य अडचण राहिलीच. ज्या मुलांची आबाळ होते, त्यांचे आईबापहि पुष्कळदां त्रस्त असतात. मग दोष रक्ताचा कीं आबाळीचा, हें वेगळें कसें काढावें? मुलांना मुद्दाम दुःखांत लोटून प्रयोग करणें हें तर पाप. तें पाप एका राजवटीनें केलें. रुमानियांत चाउशेस्कु ह्यांनीं १९६६ मध्यें लोकसंख्या वाढविण्यासाठीं गर्भपातावर बंदी घातली. पोसतां न येणारीं मुलें सरकारी अनाथालयांच्या दारांत येऊन पडूं लागलीं, आणि डिसेंबर १९८९ मध्यें ती राजवट कोसळली तेव्हां एक लक्षाहून अधिक मुलें अशा संस्थांतून होतीं. दूध मिळे, कपडा मिळे. पण एका दाईकडे इतकीं मुलें असत कीं रडणाऱ्याला उचलून घेणारें कोणी नसे. कांहीं खोल्यांतून मुलें रडतच नसत, कारण रडून उपयोग होत नाहीं हें तीं शिकलीं होतीं.

त्यांतील १६५ मुलें इंग्लंडांतील कुटुंबांनीं दत्तक घेतलीं. रटर व त्यांचे सहकारी तीं मोठीं होईपर्यंत त्यांचा माग घेत राहिले. सहा महिन्यांचें वय होण्यापूर्वीं जीं सुटलीं, तीं बहुतांशीं इतर मुलांसारखींच वाढलीं. त्याहून अधिक काळ ज्यांनीं तेथें काढला, त्यांच्यांतील कित्येकांना अडचणी पुढें चालू राहिल्या, आणि चिंता व खिन्नता तर तारुण्यांत अधिकच डोकें वर काढूं लागली. तथापि ह्या दुसऱ्या गटांतील सुमारें पंचमांश मुलें कोणत्याहि त्रासावांचून वाढलीं. तेंच अनाथालय, तीच उपेक्षा, आणि तरी फळ वेगळें. ह्यांत जन्मजात प्रकृतीचा कांहीं वाटा असावा, असें वाटणें साहजिक आहे.

बुखारेस्ट शहरांत २००० सालच्या सुमारास नेल्सन, फॉक्स व झीना ह्या तीन अमेरिकन संशोधकांनीं एक पाऊल पुढें टाकलें. अनाथालयांतील १३६ तान्हीं व लहान मुलें निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, निम्मीं त्यांनीं खास तयार केलेल्या पालक-कुटुंबांत ठेविलीं. उरलेलीं होतीं तशीच सरकारी व्यवस्थेंत राहिलीं. हें न्याय्य होतें काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, व तो तेव्हांहि विचारला गेला. सर्वांना पुरतील इतकीं कुटुंबें नव्हतीं, आणि एखाद्या मुलास घर मिळत असल्यास तें अडविलें जाणार नाहीं, असा नियम त्यांनीं पाळला. मुलें साडेचार वर्षांचीं झालीं तेव्हांची तपासणी अशी : चिंता, खिन्नता ह्यांसारखे आंत कोंडणारे विकार संस्थेच्या वांट्यास राहिलेल्यांत शेंकडा ४४, तर कुटुंबांत गेलेल्यांत शेंकडा २२. आबाळीचा परिणाम ह्याहून स्पष्ट दाखविणारा पुरावा सांपडणें कठीण. रुमानियानें २००४ च्या कायद्यानें दोन वर्षांखालील मुलांना संस्थेंत ठेवण्यास मनाई केली.

पण ह्या आंकड्यांच्या पोटांत आणखी एक गोष्ट होती. मायेचें घर मिळाल्यानें चिंता ओसरली ती मुख्यत्वें मुलींची. मुलग्यांत तसा फरक दिसला नाहीं. घरांतील माणसांवर निर्धास्तपणें विसंबण्याची वृत्ति मुलींत अधिक रुजली, आणि जिथें ती रुजली तिथें भीति हटली. अभ्यास लहान आहे, त्यावरून साऱ्या जगाचें अनुमान काढूं नये. पण 'बाईमाणूस भित्रेंच' म्हणणाऱ्या गृहस्थांस एवढें तरी सांगतां येईल कीं, ह्या मुलींच्या बाबतींत भीति ही स्त्रीपणाची खूण नव्हती, मिळालेल्या वागणुकीची होती. चिंतेचे विकार स्त्रियांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतात, हें खरें. परंतु मुलींवर लैंगिक अत्याचार अधिक होतात, मुलग्यास भीति लपवावयास व मुलीस सांभाळून राहावयास शिकविलें जातें, आणि कित्येक पुरुषांची भीति दारूच्या ग्लासांत बुडून मोजणींत येत नाहीं, हेंहि खरें आहे. शरीराचा वाटा नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. पण तो किती, हें ह्या इतर गोष्टी वजा केल्यावांचून सांगतां येत नाहीं.

राहिलें रक्त. जुळ्यांच्या अभ्यासांचा २००१ मध्यें एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हां चिंताविकारांच्या बाबतींत माणसामाणसांतील फरकाचा शेंकडा ३० ते ४० भाग आनुवंशिक असल्याचें दिसलें. ह्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दोन शेतांच्या पिकांतला फरक कितपत बियाण्याचा व कितपत पावसाचा, हें सांगतां येतें. एका कणसांतले किती दाणे बियाण्यानें दिले व किती पावसानें, हें विचारणेंच व्यर्थ. तरीहि 'भीतीचें जनुक' शोधण्याचा मोह सुटला नाहीं. १९९६ मध्यें सेरोटोनिन ह्या मेंदूंतील द्रव्याशीं संबंधित एका जनुकाचा चिंताशील स्वभावाशीं संबंध जोडण्यांत आला. २००३ मध्यें न्यूझीलंडमधील डनेडिन येथील ८४७ तरुणांवरून असें जाहीर झालें कीं, त्याच जनुकाचा आंखूड प्रकार असलेल्यांना आयुष्यांतील आघातांनंतर खिन्नता अधिक जडते. निष्कर्ष इतका सुबक होता कीं जगभर त्याचा बोलबाला झाला. पण २००९ मध्यें अनेक अभ्यास एकत्र तपासतां तो संबंध आढळला नाहीं. आणि २०१९ मध्यें लक्षावधि लोकांच्या माहितीवरून दिसलें कीं, खिन्नतेच्या बाबतींत गाजलेलीं अशीं जनुकें वाटेल त्या चार जनुकांहून अधिक कांहीं सांगत नाहींत. आजचें मत असें कीं, जनुकीय फरक असंख्य आहेत व एकेकाचा वाटा मोहरीएवढा आहे.

आणि खुद्द त्या म्हणीचें काय? माँट्रिआल येथें मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांवर केलेले प्रयोग येथें आठवतात. कांहीं उंदीरमाद्या पिलांना फार चाटतात, कांहीं थोडें. कमी चाटलेलीं पिलें मोठेपणीं भित्रीं होतात, व त्यांच्यांतील माद्या आपल्या पिलांनाहि कमीच चाटतात. पिढ्यान्‌पिढ्या भीति चालत येते. बघणारास वाटावें, खाण तशी माती! पण १९९९ मध्यें त्यांनीं दाखविलें कीं, भित्र्या आईचें पिलूं जन्मतःच मायाळू आईजवळ दिलें तर तें धीट होतें, आणि पुढें आपल्या पिलांना भरपूर चाटतें. २००४ मध्यें आढळलें कीं, ह्या चाटण्यानें एका जनुकावरील रासायनिक खुणाच बदलतात. जनुक तेंच, त्याचें काम वेगळें. उंदरावरून माणसाचें गणित मांडतां येत नाहीं हें मान्य. पण माणसांतहि, स्वीडनमधील जुळ्यांच्या व त्यांच्या मुलांच्या २०१५ च्या अभ्यासांत, आईबापांची चिंता मुलांकडे जाते ती रक्तानें फारशी नव्हे तर सहवासानें, असें आढळलें.

त्या लग्नाचें पुढें जमलें नाहीं. पाहुण्यांनीं कारण पत्रिकेचें सांगितलें. त्या वृद्ध बाईंना मीं हें सारें तेव्हां सांगूं शकलों नाहीं, आणि सांगितलें असतें तरी एक गोष्ट मीं गाळलीच असती. ती मुलगी दोन वर्षांची असतां आई गेल्यावर नऊ वर्षांची होईपर्यंत पांच घरांत वाढली. प्रत्येक घरीं तिला जेवावयास मिळालें, शाळेंत घातलें गेलें. कोणी तिला मारलें नाहीं. प्रत्येक घरीं वर्षा-दीड वर्षानें कांहीं अडचण निघे, आणि तिची लहानशी पेटी भरली जाई. नवव्या वर्षीं तिच्या एका मावशीनें तिला नेलें तें कायमचें, आणि त्यानंतर वर्षभरानें ती रात्रीं रडत उठेनाशी झाली, असें ती मावशी सांगते. उरली ती एवढीच धास्ती, कीं घरचें माणूस वेळेवर परत येईल ना?

त्या पांच घरांतलें तिसरें घर माझें होतें. जागा लहान होती, आणि मला परीक्षेचे पेपर तपासावयाचे असत.